साबणाची रेघ

तुमच्या या सदरात पांढऱ्या साडीतली बाई फार येते. घाटात उभी असते, पिंपळाखाली उभी असते, स्कूटरवाल्याला हात करते… मी वाचते आणि हसते. माझ्या अनुभवात पांढरं काही असेल तर ते ब्लाउजचं कापड आहे. आणि बाई असलीच तर ती मला कधी दिसली नाही. दिसली असती तर आमचं भांडणच झालं असतं, एवढं नक्की.

हे लिहायला मला सुनेने बसवलंय. आधी माझी बाजू ऐका, मग काय हसायचं ते हसा. आम्ही बौद्ध. धर्मांतरानंतर माझ्या वडिलांनी घरातला देव्हारा काढला, तेव्हा त्याच्या पाठोपाठ भूत, भानामती, नजर, अंगारे-धुपारे सगळं बाहेर काढलं. आम्हा पोरांना अंधाराची भीती वाटते म्हटलं की ते दिवा मालवून आम्हाला तिथेच बसवायचे आणि थोड्या वेळाने विचारायचे, "काय दिसलं?" काहीच नाही म्हटलं की, "मग?" एवढंच. त्या माणसाची मी मुलगी. मला कुणी घाबरट किंवा भोळसट म्हटलेलं मी ऐकून घेणार नाही.

तर गोष्ट ऐंशीच्या दशकातली, घाटकोपर पश्चिमेची. आमची बिल्डिंग डोंगराच्या उतारावर. पुढून बघाल तर तळमजला रस्त्याच्या बरोबरीने. पण बाजूच्या बोळातून पायऱ्या उतरलात की आमच्या खोलीच्या बरोबर खाली आणखी एक खोली होती. घरमालकाने पंपासाठी बांधली होती म्हणे. पंप काही बसला नाही आणि ती खोली आमच्या वाट्याला आली. सगळे तिला तळघर म्हणायचे. जवळजवळ अख्खी जमिनीत, छताशी तेवढी एक खिडकी, आणि तिच्यातून बोळातल्या माणसांचे फक्त पाय दिसायचे. कोण गिऱ्हाईक येतंय ते मी चपलांवरून ओळखायची.

तिथे माझं शिवणकाम चालायचं. माझ्याआधी माझ्या सासूचं. आमच्या साताऱ्याकडे सासूला आत्या म्हणतात, म्हणून मीही आत्याच म्हणायची. पायमशीन त्यांचं, कापायची लांब जाड फळी त्यांची, भिंतींना छातीपर्यंत हिरवा ऑइलपेंट दिलेला तोही त्यांनीच, ओल दिसू नये म्हणून. मी सांगतेय त्या पावसाळ्यात त्यांना जाऊन दोनेक वर्षं झाली होती.

आत्यांना अक्षरओळख नव्हती, पण हात असा की गिऱ्हाइकाकडे नुसतं बघून माप सांगायच्या. कापडावर आखायला खडू वापरायच्या नाहीत. अंगाचा साबण झिजून पातळ चिपटी उरली की ती वाळवून ठेवायच्या आणि तिनेच आखायच्या. धुतलं की रेघ जाते, डाग पडत नाही. आणि रेघ जिथे संपेल तिथे चिमणीच्या पायासारखी छोटी खूण करायच्या. इथे थांब, असा तिचा अर्थ. ती खूण त्यांना आणि मला सोडून कुणाला ठाऊक असायचं कारण नव्हतं.

आता आमच्या भांडणाचं सांगते, कारण पुढचं सगळं त्याच्यावर आहे. मी लग्नाआधी रीतसर शिवणक्लास केलेला, सर्टिफिकेट आहे माझ्याकडे. क्लासमध्ये शिकवतात की शिवणीसाठी लागणारं जास्तीचं कापड धरून आखायचं आणि सरळ रेघेवर कापायचं. आत्यांचं उलट. त्या आखायच्या ती शिवायची रेघ. कापायचं तिच्या बाहेरून, दोन बोटं सोडून, आणि ती दोन बोटं कुठे आखलेली नसायची, त्यांच्या मनात असायची. "रेघ शिवायची असती, कापायची नसती," हे त्यांचं पालुपद. एकदा त्यांनी आखून ठेवलेलं कापड मी घाईत कापलं, क्लासच्या सवयीने बरोबर रेघेवर. ते ब्लाउज होतं शेजारच्या परबकाकूंचं. परबकाकू मालवणकडच्या, अंगाने चांगल्या भरलेल्या. त्यांनी ते कसंबसं चढवलं आणि तशाच आमच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. "अगो, ह्येच्यात माका श्वास घेवक जागाच नाय." आत्या म्हणाल्या चूक तुझी, मी म्हटलं चूक तुमची, आणि कित्येक दिवस आम्ही एका मशीनपाशी बसून एकमेकींशी बोललो नाही. माझं मत अजून बदललेलं नाही. आखलेलं दुसऱ्याला कळायला नको?

असो. आत्या गेल्या आणि पुढच्याच पावसाळ्यात तळघरात गुडघाभर पाणी आलं. त्याआधी नुसती ओल यायची, फार तर मोरीतून थोडं पाणी उलटं यायचं. त्या वर्षी काय झालं देव जाणे… म्हणजे कोण जाणे. लोखंडी मांडणीच्या खालच्या खणात कुणाचं तरी लाल सॅटिन होतं, त्याचा रंग सुटला आणि शेजारची सगळी कापडं गुलाबी झाली. त्यात आमच्या विहारातल्या बायकांची पांढरी ब्लाउज होती. मी एकेकीच्या दारात जाऊन ती परत केली. कुणी मला वाईट बोललं नाही, आणि त्याचीच मला जास्त लाज वाटली.

तेव्हा आमच्या मिस्टरांनी अट घातली. हे विक्रोळीला एका कारखान्यात फिटर होते. शांत माणूस, पण एकदा बोलले की बोलले. म्हणाले, "सुनंदा, पुढच्या पावसाळ्यात तिथलं एक जरी कापड भिजलं ना, तर मशीन वर आणायची. ती खोली मी खोकेवाल्याला देऊन टाकतो." पुठ्ठ्याचे खोके बनवणारा एक जण गोडाऊनसाठी त्यांच्या मागे लागला होता.

"आणि वर कुठे शिवू? स्टोव्हवर बसून?" मी विचारलं.

"ते आपण बघू."

मला माहीत होतं काय बघणार ते. वर एक खोली आणि स्वयंपाकघर, त्यात आम्ही दोघं, दोन मुलं, ह्यांचा रेडिओ, मुलांच्या वह्या, आणि सगळीकडे तेलाचे हात. तिथे कोण कापड पसरणार? मशीन एका कोपऱ्यात जाईल, तिच्यावर आधी टेबलक्लॉथ येईल, मग फुलदाणी, आणि माझं शिवणकाम संपेल. त्या तळघरात मी कुणाची बायको नव्हते, कुणाची आई नव्हते. दार लावलं की मशीनचा आवाज आणि मी. ती खोली गेली असती तर माझं म्हणून काही उरलं नसतं. हे मी उगाच मोठं करून सांगत नाही.

"ठीक आहे," मी म्हटलं. "नाही भिजणार."

मग मी कंबर कसली. उन्हाळ्यातच गवंडी बोलावून दाराचा उंबरा विटा-सिमेंटने वर घेतला. मोरीच्या भोकाला लाकडी बूच केलं, त्याला सायकलची ट्यूब गुंडाळून. वाळूची पोती भरून पायऱ्यांशी लावली. मांडणीचे खालचे खण रिकामे केले. परबकाकू बोळातून वाकून वाकून बघायच्या आणि म्हणायच्या, "अगो, पाण्याक कोण अडयता?"

"मी," मी म्हणायची.

जूनमध्ये विहारातल्या आमच्या अध्यक्षीणबाई स्वतः पायऱ्या उतरून आल्या. आषाढ पौर्णिमेला वर्षावास सुरू होतो, विहारात रोज ग्रंथवाचन असतं आणि बायका पांढऱ्या साड्या नेसून बसतात. त्यांनी सगळ्यांच्या ब्लाउजचं पांढरं टू-बाय-टू कापड एकगठ्ठा माझ्यासमोर ठेवलं. म्हणाल्या, "मागचं आम्ही विसरलो. यंदा मात्र लाज राख गं बाई." माझ्या डोळ्यांत पाणी आलं, पण मी ते दाखवलं नाही, लगेच मापं काढायला टेप घेतली.

ते कापड वर घरात का नाही ठेवलं, असं तुम्ही विचाराल. ह्यांनीही विचारलं. वर ठेवलं असतं तर खोली गेलीच म्हणायची ना. मग मी अट जिंकले असं कसं म्हणता आलं असतं? हट्ट म्हणा हवं तर.

आणि मग ती रेघ आली.

एका सकाळी कुलूप उघडून मी आत गेले. किल्ली एकच, कायम माझ्या कमरेला. खिडकीतून तिरपं ऊन आलेलं, आणि त्या उजेडात हिरव्या भिंतीवर काहीतरी चकाकलं. जवळ जाऊन बघते तर रेघ. पांढुरकी, बारीक, सरळ, साधारण माझ्या कमरेच्या वर. मागच्या वर्षीच्या पाण्याची खूण गुडघ्याशी, आणि ही तिच्या कितीतरी वर. मला पहिल्यांदा मुलांचाच राग आला. वर जाऊन दोघांना फैलावर घेतलं. दोघंही म्हणाली, "आई, आम्ही नाही, शप्पथ." मी ओला फडका घेऊन रेघ पुसायला लागले, तर फडक्याला फेस आला.

साबण होता तो. वासही आला, आत्या वापरायच्या त्या कडुनिंबाच्या साबणाचा. आमच्या घरात तो साबण त्यांच्यामागे कुणी आणला नव्हता, मुलांना वास आवडायचा नाही.

घाबरले नाही मी. संताप आला. कोण माझी टर उडवतंय? भिंत पुसत पुसत मांडणीपर्यंत गेले आणि रेघ मांडणीच्या मागे शिरलेली दिसली. ती लोखंडी मांडणी दोन माणसांशिवाय हलत नाही. वरच्या मजल्यावरच्या एका गृहस्थांना बोलावलं, दोघांनी मिळून ती सरकवली. मागे धुळीने माखलेल्या भिंतीवरही रेघ तशीच, न तुटता पुढे गेलेली. अख्ख्या खोलीभर फिरून दारापाशी संपलेली. आणि टोकाला चिमणीचा पाय.

तो मात्र बघून मी खाली बसले. खोटं कशाला बोलू?

मी सगळं पुसून काढलं, भिंती धुतल्या. काही दिवसांनी रेघ परत आली. त्याच उंचीवर, तीच खूण. या वेळी परबकाकूंनी पाहिली. गल्लीत बातमी जायला तेवढं पुरलं.

"ता तुझ्या सासूचा काम," काकू हळूच म्हणाल्या. "तिका कायतरी व्हया आसतला. नारळ ठेव गो एक, हात जोड."

"त्यांना जे हवं असायचं ते त्या तोंडावर मागायच्या काकू. आणि आमच्यात नारळ ठेवत नाहीत."

"तुझा डोक्या फिरलाहा," म्हणून काकू गेल्या. एक-दोन गिऱ्हाइकं खाली यायची बंद झाली, वरून खिडकीतून कापड द्यायला लागली. मी त्यांना सांगितलं, खाली या नाहीतर दुसरी शिंपीण बघा.

ह्यांना कळलं तेव्हा ह्यांनी वेगळाच अर्थ काढला. रेघ बघितली आणि म्हणाले, "तूच काढलीस."

"मी?"

"खोकेवाला घाबरून पळावा म्हणून. आईची रेघ, आईचं भूत. मग खोली कोण घेतोय?"

मी भडकले. त्या माणसाला माझ्या वडिलांनी स्वतः पारखून मुलगी दिली होती, आणि तो मला भुताचा बाजार मांडणारी समजत होता. "मोजा," मी म्हटलं. "फिटर आहात ना? मोजून दाखवा मी कशी काढली ते."

ते खरंच मोजायला बसले. आधी जमिनीपासून टेपने मोजलं तर जागोजागी वेगळं माप. मोरीकडे जास्त, दाराकडे कमी. "बघ, वाकडी आहे," म्हणाले. मग त्यांच्याच लक्षात आलं की जमीन मोरीकडे उतरती आहे. दुसऱ्या दिवशी कारखान्यातून लांब पारदर्शक नळी घेऊन आले. नळीत पाणी भरायचं आणि दोन टोकं दोन भिंतींना लावायची. दोन्हीकडे पाणी एका पातळीत उभं राहतं, गवंडी लेव्हल बघायला वापरतात ते. एक टोक मी धरलं, एक ह्यांनी. रेघ एका भिंतीवर पाण्याच्या बरोबर, समोरच्या भिंतीवर बरोबर, मांडणीमागे बरोबर. कुठेही कणाचा फरक नाही. उतरत्या जमिनीच्या खोलीत हाताने अशी रेघ काढायची म्हणजे… ह्यांनी नळीतलं पाणी मोरीत ओतलं.

"ही मलाही जमणार नाही," म्हणाले. मला सॉरी वगैरे काही म्हणाले नाहीत. रविवारी मात्र लोखंडी ब्रॅकेट आणि एक लांब फळी घेऊन आले. "कोणी काढली ते मला माहीत नाही. पण लेव्हलला आहे आणि मागच्या पाण्याच्या बरीच वर आहे. एवढं पाणी काही येत नाही. कापड ह्याच्यावर ठेव." आणि त्यांनी त्या रेघेवर शेल्फ ठोकलं. फिटरचं काम ते, वरची कड रेघेला अशी चिकटून की मध्ये नख जाणार नाही.

ते चहाला वर गेले. मी पांढरी ब्लाउज, काही शिवलेली, काही नुसती कापलेली, गाठोडी करून शेल्फवर ठेवायला घेतली आणि माझा हात थांबला. दाराजवळ तो चिमणीचा पाय दिसत होता. त्याच्याकडे बघता बघता माझ्या तोंडून निघालं, "अगं बाई, ह्यांनी रेघेवरच कापलं की."

हे नीट समजून घ्या, मला काही साक्षात्कार झाला नव्हता. विश्वासही बसला नव्हता. पण आत्यांच्या रेघेवर मी एकदा कापलं होतं आणि परबकाकू माझ्या दारात उभ्या राहिल्या होत्या. रेघ कुणाचीही असो, काढणाऱ्याची पद्धत आत्यांची होती, आणि आत्यांची रेघ म्हणजे बाहेर दोन बोटं सोडायची. त्यांची कापायची जाड फळी भिंतीला टेकून होती. मी ती उचलून शेल्फवर आडवी टाकली आणि गाठोडी त्या फळीवर रचली. ह्यांनी नंतर बघितलं, म्हणाले, "हे कशाला? उगाच वजन."

"असू दे," मी म्हटलं.

पौर्णिमा तोंडावर आली आणि पावसाने जोर धरला. त्या दिवशी सकाळपासून अंधारून आलेलं. हे कामावर गेलेले, मुलांच्या शाळा लवकर सुटलेल्या. मी खाली बसून हूक लावत होते. दुपारी खिडकीतून बघते तर बोळात पाय दिसेनात, नुसतं गढूळ पाणी. डोंगरावरचं सगळं आमच्या बोळात उतरलं होतं आणि खाली नाला तुंबलेला. मी बूच आवळलं, खिडकीची फळकुटं लावली, उंबऱ्याला पोती दाबली. काही वेळ पाणी अडलंही. परबकाकूंना हाक मारून म्हटलं, "बघा, अडवलं की नाही?" तेवढ्यात बूच बंदुकीच्या गोळीसारखं उडालं आणि मोरीतून कारंजं सुरू झालं.

मी बादलीने उपसलं. वेड्यासारखं उपसलं. पाणी पोटरीला, मग गुडघ्याला. उंबऱ्यावरून धबधबा. मेन स्विच बंद केला, मशीनचं डोकं स्टँडवरून सोडवलं आणि पोटाशी धरून पायऱ्या चढले. परबकाकूंनी ते वरच्या पायरीवर माझ्या हातातून घेतलं. मी कापडासाठी परत वळले, तर त्यांनी माझा दंड धरला. म्हातारीच्या हाताला केवढा जोर.

"जीव व्हयो की कापडा?"

"कापडं," मी म्हटलं.

"पोरांका कोण बघतला? तुझी सासू?"

मी थांबले. खाली पायऱ्याच दिसत नव्हत्या. हातात गाठोडी घेऊन वर येणं शक्यच नव्हतं, आणि आणली असती तरी त्या पावसात भिजलीच असती. मी बोळात उभी राहून ओरडले, "ये, किती यायचंय तेवढं ये. हात लावून दाखव माझ्या कापडाला." पाण्याला म्हणत होते की आणखी कुणाला, ते मला तेव्हाही कळलं नाही. मग मी रडले. परबकाकू माझ्याबरोबर तशाच भिजत उभ्या होत्या, त्यांनी एकदाही नारळाचं नाव काढलं नाही.

हे संध्याकाळी विक्रोळीहून पाण्यातून चालत आले. बोळात वाकून बघितलं. तळघराचं दार अर्ध्याच्या वर बुडलेलं. कपडे बदलले, चहा घेतला, आणि हळू आवाजात म्हणाले, "उद्या खोकेवाल्याला निरोप देतो." रागाने म्हणाले असते तर मी भांडले असते. ते रागाने म्हणाले नाहीत.

सकाळपर्यंत पाऊस थांबला आणि पाणी आलं तसं मोरीतून निघून गेलं. आम्ही दोघं खाली उतरलो. दार फुगलेलं, ह्यांनी खांद्याने ढकललं. आत चिखल, मांडणी आडवी, स्टूल छताकडे पाय करून. भिंतीवर साबणाची रेघ नव्हती, पाण्याने धुऊन नेली होती. तिच्याऐवजी चिखलाची दुसरी रेघ होती, अख्ख्या खोलीभर. शेल्फच्या वर.

"गेलं," हे म्हणाले.

मी पुढे झाले आणि वरच्या गाठोड्याला हात लावला. कोरडं. मग सगळ्यात खालच्या गाठोड्याखाली हात घातला. फळीवर हात फिरवला. कोरडी. शेल्फ चिंब, आत्यांची फळी खालून आणि कडेने भिजून काळी पडलेली, आणि वरून कोरडी. आम्ही गाठोडी उतरवली, एकेक सोडली. पांढरं कापड पांढरं होतं. एका ब्लाउजवरसुद्धा शिंतोडा नव्हता.

ह्यांनी शेल्फची कड आणि चिखलाची रेघ यांच्यामध्ये स्वतःची दोन बोटं लावून बघितली. हातोडी धरणारी बोटं ती, मावेनात. माझ्याकडे वळून म्हणाले, "तू लाव."

मी लावली. बरोबर बसली.

ह्यांनी चिखलाचे हात पुसले. वर गेले, मशीनचं डोकं खांद्यावर घेऊन आले, स्टँड धुतलं, पुसलं आणि डोकं त्याच्यावर परत बसवायला घेतलं. स्क्रू आवळता आवळता म्हणाले, "खोकेवाल्याला दुसरी जागा बघायला सांगतो." मी हो म्हटलं.

ते गेल्यावर मी त्या ओल्या खोलीत एकटी उभी राहिले. तुम्हाला वाटेल हात जोडले असतील. नाही जोडले. मी मोठ्याने म्हटलं, "आत्या, दोन बोटं वर आखली असती तर काय बिघडलं असतं हो तुमचं? अजून तुमची तीच पद्धत." बाहेर बोळात परबकाकू चिखल काढत होत्या, त्यांनी बहुतेक ऐकलं.

आषाढ पौर्णिमेला विहारात सगळ्या बायका पांढऱ्यात बसल्या होत्या. मी मागच्या रांगेत बसून प्रत्येकीच्या पाठीवरची माझी शिवण बघत होते.

स्पष्टीकरण मागू नका, माझ्याकडे नाही. मुलं? त्यांचा हात मांडणीमागे पोचत नव्हता. हे? ह्यांना ती खूण माहीत नव्हती, आणि रेघेचा अर्थ माहीत असता तर त्यांनी शेल्फ तिथे ठोकलं नसतं. मी झोपेत उठून काढली? एकटीने मांडणी सरकवून, हातात नळी न धरता, लेव्हलला? आणि पाणी किती येणार हे कुणाला आधी कसं कळावं? माझे वडील असते तर म्हणाले असते, "मग?" मी त्यांना एवढंच सांगितलं असतं की मला माहीत नाही. माहीत नाही म्हणायला मला लाज वाटत नाही, पण माहीत नाही म्हणून मी दिवाही लावणार नाही. अजून लावलेला नाही. रेघ पुन्हा कधी आली नाही, आणि पाणी दर दोन-चार पावसाळ्यांनी येतंच, पण तेवढं नाही.

आता तिथे सून बसते. मोटरची मशीन आहे, फॅशन डिझायनिंग शिकलेली आहे, आखायला कसलंसं निळं पेन वापरते. तिने हे सगळं ऐकलं आणि विचारलं, "आई, मला कधी दिसली रेघ तर मी काय करू?" मी म्हटलं, घाबरायचं नाही, हात जोडायचे नाहीत आणि खोली सोडायची नाही. तिच्यावर फळी ठोकायची. दोन बोटं सोडून.